हलर बंद, हादरे चालू

भाताच्या लोंब्या पिवळ्या पडल्या, की आमच्या वेल्ह्याकडच्या हवेला एक वास सुटतो. ओल्या पेंढ्याचा, सुकत चाललेल्या चिखलाचा आणि आंबेमोहोराचा. मी आता भोरजवळ उत्रोलीला राहते. इथंही भातच आहे, वासही तोच आहे. बाकीच्यांना तो वास आला की नव्या तांदळाची पेज आठवते. मला तात्या आठवतात आणि माझं डोकं फिरतं.

यंदा त्या वासाबरोबर हादरेही परत आले. बहिणीचा फोन आला तेव्हा मी खळ्यावर भात वाळत घालत होते. "अगं, गावाकडं परत हलाय लागलंय," ती म्हणाली. "आईच्या फळीवरचा डबा पडला. दिसातनं कितींदा तरी घर्र करतंय." मी आधी विचारलं, आई बरी आहे ना. ती बरी होती. मग दुसरा प्रश्न विचारला, आणि तो विचारताना माझा आवाज काही चांगला नसावा, कारण बहीण हसली. मी विचारलं होतं, "तात्याची गिरण चालू आहे का?"

"चालू? जोरात हाय. नवी मशिन बसवलीय पोरानं. पालिशवाली."

म्हटलं, झकास. आता येतेच.

आमच्या भागात भूकंप हे प्रकरण लोकांच्या खिजगणतीत नव्हतं. तिकडं कोयनेच्या बाजूला हलतं, एवढं ऐकून माहीत. कधीमधी भांडं वाजायचं, आणि म्हातारी माणसं "कोयना असंल" म्हणून पान लावायला बसायची. त्यामुळं माझ्या लहानपणी जेव्हा खुद्द आमच्याच डोंगराच्या पोटात गुरगुर सुरू झाली, तेव्हा कुणाला काय करावं ते कळेना. आधी आवाज यायचा. घाट चढणारा भरलेला टेम्पो यावा तसा, पण रस्त्यावर टेम्पो नसायचा. मग पायाखालून एक झटका. गाईच्या गळ्यातली घंटा आपोआप वाजायची, मडक्यातलं पाणी काठाला लागून परत यायचं, आणि सगळं थांबल्यावर गावातली कुत्री भुंकायची. बायका चुलीवरची भाकरी तशीच टाकून अंगणात यायच्या, ती करपायची. त्या हंगामात आम्ही करपलेल्या भाकरी इतक्या खाल्ल्या, की अजून कुठं करपल्याचा वास आला की मी आधी भिंतीकडं बघते.

मग तालुक्याहून साहेब आले. शाळेच्या खोलीत कसलंसं यंत्र ठेवून गेले. जाताना म्हणाले, धक्के सौम्य आहेत, घाबरू नका, पडक्या भिंतींपासून लांब राहा. सौम्य हा शब्द गावानं तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आमच्या शेजारची काकू कुणी काही विचारलं की म्हणायची, "सौम्य हाय बाई, सौम्य. म्हंजे जीव जाईल, पर हळूहळू."

साहेबांनी कारण सांगितलं नाही. कारण त्यांनाही माहीत नसावं. पण गावाला कारण लागतं. कारणाशिवाय चार दिवस काढणं गावाला उपाशी राहण्यापेक्षा अवघड जातं. धरण भरलं म्हणून हलतं, असं काही जण म्हणाले. पण धरणाला जाब कोण विचारणार? डोंगर फोडून रस्ता केला म्हणून, असं काही म्हणाले. त्या ठेकेदाराला कोण विचारणार? असं करत करत बोट फिरत फिरत आलं ते बरोबर अशा माणसावर आलं, ज्याला विचारायला कुणाला भीती वाटणार नव्हती. माझ्या आईवर.

आईचा हलर होता. भात भरडायची गिरण, तिला आमच्याकडं सगळे हलरच म्हणतात. माझे मामा वरव्याचे. त्यांनी स्वतःसाठी नवा हलर घेतला आणि भाऊबीजेला आईनं ओवाळलं तेव्हा जुना तिला दिला. "ताटात कसा बसंल ह्यो?" म्हणून आई हसली होती. तो हलर, त्याचं डिझेल इंजिन आणि लांब पट्टा, असं सगळं बैलगाडीत घालून मामांनी आमच्या घराच्या पडवीत आणून बसवलं. वडील पुण्याला मार्केट यार्डात कामाला, सणासुदीला घरी. त्यामुळं इंजिनाचं हँडल आईच मारायची. पदर कमरेला खोचून, एक पाय दगडावर रोवून, दोन्ही हातांनी गरगर फिरवायची, आणि इंजिन धुराचा एक काळा भपकारा सोडून धडधडायला लागलं की मागं न बघता टोपल्यात भात घ्यायची. माझ्या आईचं ते मागं न बघणं मला इतकं आवडायचं, की मी शाळेतून पळत यायची ते बघायला.

आधी गावातल्या बायका उखळात भात कांडायच्या किंवा डोक्यावर गोणी घेऊन वेल्ह्याला जायच्या. आईच्या हलरानं त्यांच्या माना मोकळ्या झाल्या. पडवीत दिवसभर गर्दी. कुणाचा तांदूळ, कुणाची कणी, कुणाचा कोंडा कोंबड्यांसाठी वेगळा बांधायचा. केस, भुवया, पापण्या सगळं कोंड्यानं पिवळट. बायका मोठ्यानं बोलायच्या, कारण इंजिनापुढं मोठ्यानंच बोलावं लागायचं, आणि घरी ज्या गोष्टी कुजबुजत बोलता येत नव्हत्या त्या आमच्या पडवीत ओरडून सांगितल्या जायच्या. आई ऐकायची आणि हसायची.

हे ज्याला बघवलं नाही, तो माणूस म्हणजे तात्या. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. भावकीतले, वयानं वडिलांपेक्षा लहान, पण गावकीत शब्दाला वजन. पांढरं धोतर, टोपी, आवाज अगदी गोड. गोड आवाजाची माणसं मला अजून सहन होत नाहीत. तात्या कधी आईला थेट काही म्हणाले नाहीत. पारावर बसून म्हणायचे, "बाईमाणसानं इंजिनाला हात घातला, की धरणी हालायचीच." लोक हसायचे. आधी हसले, मग हळूहळू हसायचे थांबले आणि विचार करायला लागले.

आता हे खरं, की हलर चालू असला की शेजारच्या घरातली भांडी थरथरायची. ती नेहमीच थरथरायची. पण हादऱ्यांच्या दिवसांत कोणती थरथर कुणाची, हे कुणाला कळेनासं झालं. गंमत म्हणजे आमच्या पडवीत हादरा कधी जाणवायचाच नाही. तिथं जमीन सदाचीच हलती. बाहेरून बायका ओरडत यायच्या, "अगं हाललं, हाललं!" आणि आई हातातलं टोपलं तसंच धरून विचारायची, "कवा?" हेही तिच्यावरच उलटलं. सगळ्यांना कळतं आणि हिलाच कळत नाही, म्हणजे हिच्यातूनच येतं.

मग गावकीनं ठरवलं, देवीला कौल लावायचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या वाघजाईच्या मूर्तीला गुरव फुलाच्या पाकळ्या पाण्यात भिजवून चिकटवतो, एक उजवीकडं, एक डावीकडं. मग प्रश्न विचारतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लग्न जमवायचं, विहीर खणायची, गाव सोडून मुंबईला जायचं, सगळं त्या दोन पाकळ्यांवर. कधी पाकळी दोन दोन तास पडत नाही. लोक चूळ भरून येतात, तंबाखू मळतात, परत येऊन बसतात. मला त्या रिवाजाचा राग नाही. माझं स्वतःचं लग्न त्या पाकळीला विचारूनच झालंय, आणि नवरा बरा निघाला.

पण विचार करा. ज्या हंगामात जमीन दिवसातून कितीदा तरी हलतेय, त्या हंगामात ही माणसं ओल्या पाकळ्या दगडाला चिकटवून बसली, आणि ती पडते का म्हणून बघत राहिली!

दुपार होती. देवळात पुरुष, बाहेर ओट्याखाली बायका. आईला गुरवानं आत बोलावलं होतं, उंबऱ्याच्या आत, पण गाभाऱ्याच्या बाहेर, सगळ्यांच्या नजरा पडतील अशा जागी. मी तिचा पदर धरून. गुरव म्हातारा, भला माणूस होता. त्यानं गाऱ्हाणं घातलं, "आई, ह्या यंत्राच्या आवाजानं तुला तरास हुतोय का? हुत असंल तर उजवा दे, न्हाईतर डावा दे, पर लेकरांना सांग." समईची वात सरळ उभी. बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं, त्याचं तोंड कुणीतरी दाबलं.

आणि तो आवाज आला. टेम्पो घाट चढल्याचा. मी आईच्या साडीत तोंड घातलं. समई हलली, वरची घंटा किणकिणली, आणि उजवी पाकळी गळून देवीच्या पायाशी पडली. डावी पण पडली, पण उजवी आधी.

आई ओरडली. माझ्या आईला मी तोवर कधी पुरुषांपुढं ओरडताना बघितलं नव्हतं. "अवं, भुई हालली म्हणून पडली ती! समद्यांनी बघितलं की! आन यंत्र तर आत्ता बंद हाय. म्या हितं उभी हाय, मग हालवलं कुणी?"

याहून सरळ प्रश्न कुणी विचारला असेल असं मला वाटत नाही. बंद हलर, त्याची मालकीण सगळ्यांसमोर उभी, आणि जमीन हललेली. क्षणभर दोनचार जण एकमेकांकडं बघायलाही लागले. तेव्हा तात्या उठले. हात जोडले, मूर्तीला नमस्कार केला आणि त्या गोड आवाजात म्हणाले, "वैनी, आईनं निस्ता कौल न्हाई दिला. हुंकार दिला. आजवर कुणाला दिलाय का असा?"

झालं. सगळ्या देवळानं माना हलवल्या. ज्यामुळं पाकळी पडली होती, तोच पुरावा झाला. गुरवसुद्धा मान खाली घालून तीर्थ द्यायला लागला. बाहेरच्या बायका, ज्या रोज आमच्या पडवीत भुवया पिवळ्या करून घरी जायच्या, त्यांतली एकही बोलली नाही. आईच्या तोंडाकडं मात्र सगळ्या बघत होत्या. मी वर बघितलं तर आईचा चेहरा लाल झालेला आणि डोळे कोरडे.

त्याच संध्याकाळी हलर बंद झाला. पट्टा काढून तात्यांनी देवळात ठेवायला लावला. हलर बंद, हादरे चालू. दुसऱ्याच सकाळी एवढा जोराचा बसला, की शाळेच्या भिंतीला तडा गेला. मला वाटलं, आता तरी हे लोक येतील आणि म्हणतील, चुकलं. तर तात्या पारावर म्हणाले, "राग निवायला येळ लागतो." पुढं हिवाळा सरता सरता हादरे कमी झाले, मग थांबले. जसे आले तसे गेले. गावानं त्याचंही श्रेय बंद हलराला देऊन टाकलं. म्हणजे हललं तरी आई, थांबलं तरी आई.

आणि पुढच्या भाताला तात्यांनी स्वतःचा हलर टाकला. गावाच्या दुसऱ्या टोकाला, रस्त्यालगत, विजेच्या मोटरीवर. "ह्याला धडधड न्हाई," असं सांगून. देवीला नारळ फोडून. हे ऐकलं तेव्हा मी कितीही लहान असले तरी मला सगळं एका दमात कळलं. बाकीच्या गावाला कळलं नसेल असं समजण्याइतकी मी भाबडी नाही. त्यांना कळलं होतं. पण तांदूळ भरडून मिळत होता ना, मग बाकीचं कोण बघतंय.

आई त्या हलरावर कधी गेली नाही. आमच्या घरचा भात ती उखळात कांडायची, जास्त असला तर गोणी एसटीच्या टपावर टाकून वेल्ह्याला न्यायची. तिच्या हातांना घट्टे पडले. बायका म्हणायच्या, "आगं, कशाला जिवाला तरास करून घेतीस, तात्याच्या हलरावर पाच मिन्टांत हुतंय." आई म्हणायची, "माझं बरं हाय." आमचा हलर पडवीत गंजला. एका उन्हाळ्यात भंगारवाला आला आणि आईनं तो विकून टाकला. टेम्पोत चढवताना ती अंगणात उभीसुद्धा राहिली नाही.

मी मात्र उभी राहिले. मी सगळं बघून ठेवलं. माझ्या डोक्यात एक जागा आहे, तिथं मी तात्यांसाठी गोष्टी साठवल्या आहेत. लहानपणी मी देवीला म्हणायची, आता पुढचा हादरा येईल तो बरोबर तात्याच्या पत्र्यावर दे, बाकी कुठं नको. थोडी मोठी झाले तेव्हा म्हणायची, पत्रा राहू दे, त्यांच्या हलराच्या पट्ट्यात त्यांचं धोतर अडकू दे, आणि सगळं गाव बघायला असू दे. पुढं लग्न होऊन उत्रोलीला आले, पोरं झाली, शेत आलं, दूध आलं, आणि लोक म्हणतात तसं हे सगळं विसरून जायला हवं होतं. नाही विसरले. जुना राग सोडून द्यावा असं सांगणारी माणसं मला बरीच भेटली. बहुतेकांचं काही गेलेलं नव्हतं. माझी नणंद कामथडीची, चांगली बाई, ती नेहमी म्हणते, "वैनी, तुमचं तुमालाच पोखरतं बघा." असेल. पण तो राग म्हणजे माझ्या आईच्या बाजूनं गावात उरलेलं एकमेव माणूस होतं, त्याला मी कसं हाकलू?

टीव्हीवर एकदा एक जाणकार सांगत होते, की लहान लहान धक्के बसले की जमिनीतला ताण निघून जातो. मी नवऱ्याला म्हटलं, बघ, जमीनसुद्धा मोकळी होते. तो म्हणाला, "तू कवा हुणार?" मी म्हटलं, तात्या बोलले की.

कारण आईला फार काही नको होतं. भरपाई नको, हलर परत नको. वडील गेले त्या वर्षी ती एकदाच म्हणाली, आणि पुन्हा कधी म्हणाली नाही: "त्या देवळात, त्याच लोकांपुढं, भावजींनी म्हणावं, यंत्रानं हादरं आलं नव्हतं. बास." मी ते ऐकलं आणि मनात गाठ मारून ठेवली. आई सत्तरी ओलांडून गेली. तात्याही काठी घेऊन चालायला लागले. मला भीती एवढीच, की दोघांतलं कुणीतरी आधी जाईल आणि ते वाक्य तसंच राहील.

म्हणून बहिणीचा फोन आला तेव्हा मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू. गावाकडची जमीन हलतेय, लोक घाबरलेत, आणि मी नसरापूरला वेल्ह्याची एसटी पकडून खिडकीत बसले तेव्हा माहेरपणाला निघाल्यासारखी खूश होते. दोन्ही बाजूला कापणी चालली होती. भाताचे भारे बांधावर उभे होते, बायका वाकून विळा चालवत होत्या. मार्गासनीला एसटी थांबली, मी वडापाव खाल्ला. चवीनं खाल्ला.

गावात बैठक होतीच, देवळात. तालुक्याहून पत्र आलं होतं, पडक्या घरातल्यांनी शाळेत राहावं वगैरे. आता बायकाही आत बसतात. आईला मी तिचा हात धरून नेलं आणि पुढं बसवलं. तात्या खांबाला टेकून बसलेले. टोपी तीच असावी असं वाटलं. शेजारी त्यांचा मुलगा, नव्या पालिशवाल्या मशिनचा मालक. म्हाताऱ्या गुरवाचा मुलगा आता गुरव. सरपंच पोरगेलेसे, पत्र वाचून झाल्यावर म्हणाले, "कुणाला काही बोलायचंय का?"

मी उभी राहिले. माहेरवाशीण म्हणून सगळ्यांनी कौतुकानं बघितलं.

"मला बोलायचंय," मी म्हटलं. "मागं हादरे आले तेव्हा गावानं देवीला कौल लावला होता. तेव्हा देवीनं सांगितलं, हलर बंद करा. माझ्या आईचा बंद केला. आता परत हादरे आलेत, आणि गावात हलर चालू आहे. मोठा आहे. तर मी म्हणते, रिवाजाप्रमाणं आज पण कौल लावा. आत्ताच लावा."

बाहेर झोडणीवर कुणीतरी भाताची पेंढी आपटत होतं, ते देवळात ऐकू येत होतं. धप्प. धप्प.

नवा गुरव माझ्याकडं आणि मग तात्यांकडं बघायला लागला. म्हाताऱ्या माणसांत कुजबूज सुरू झाली. एक म्हातारे म्हणालेसुद्धा, "बोलतीय ती बराबर. रीत हाय." आणि तात्यांच्या तोंडाकडं मी बघितलं. आहाहा. किती वर्षं मी ते तोंड बघण्यासाठी थांबले होते! कारण त्या सबंध देवळात पाकळी कशानं पडते, हे त्यांच्याइतकं नीट कुणालाच माहीत नव्हतं. जमीन सकाळपासून सारखी गुरगुरत होती. पाकळ्या लावल्या की पडणार, आणि उजवी आधी पडली तर मुलाची नवी मशिन बंद. नाही म्हणावं तर देवीला नाही म्हटल्यासारखं. वाचायला एकच रस्ता होता, आणि तो माझ्या आईच्या समोरून जात होता.

मुलगाच आधी उसळला. "ताई, हे काय भलतंच? भूकंप जमिनीच्या आत खोल हुतो. मशिनचा काय संबंध? शाळेतलं पोरगं बी सांगंल."

"तुला ठाऊक आहे ते," मी म्हटलं, "पण मी तात्यांना विचारतेय. तात्या, हलरानं हादरे येतात का?"

"त्या येळची गोष्ट येगळी हुती," तात्या म्हणाले. आवाज अजून गोड.

"काय वेगळी होती?"

"त्ये डिझेलवर हुतं."

मागून बायका फिसकन हसल्या. त्या दिवशी गप्प बसलेल्यांतल्याच काही जणी, आता म्हाताऱ्या. हसल्या तर हसल्या, उशिरा का होईना. मी म्हटलं, "ठीक आहे. मग विजेवरच्याला विचारू. गुरव, पाकळ्या भिजवा."

गुरव खरंच उठला. तांब्या घेतला. तेवढ्यात पायाखालून परत ती गुरगुर गेली, बारीकशीच, पण घंटा हलली. सगळ्यांनी घंटेकडं बघितलं, मग देवीकडं, मग तात्यांच्या मुलाकडं. मुलगा बापाच्या कानाशी वाकला आणि दातांत काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही, पण काय बोलला असेल ते कळलं.

तात्या खाली बघत म्हणाले, "यंत्रानं हादरं येत न्हाईत. त्या येळी बी आलं नव्हतं."

पश्चात्ताप वगैरे काही नव्हता, हे मी आत्ताच सांगून ठेवते. मशिन वाचवायची होती, बास. पण मला त्यांचा पश्चात्ताप कशाला हवा होता? तो त्यांनी घरी ठेवावा. मला वाक्य हवं होतं, ते मिळालं. मी आईकडं वळले.

आई कानामागं हात धरून बसली होती. इंजिनाशेजारी उभं राहून राहून तिला कमी ऐकू यायला लागलंय, ते मला माहीत होतं. ती म्हणाली, "काय म्हणाले भावजी?"

सरपंच पुढं झाले. "आजी, ते म्हणत्यात की..."

"तू नगं सांगूस बाबा. त्यांनाच बोलू दे."

तात्यांनी घसा खाकरला. जरा मोठ्यानं म्हणाले, "वैनी, यंत्रानं हादरं आलं नव्हतं."

आईनं मान हलवली. "न्हाई कळत. वाऱ्यावर जातंय. हितं म्होरं येऊन सांगा."

मुलानं हात दिला. तात्या काठी टेकत उठले. माणसांतून वाट काढत गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी आले. आई त्या दिवशी जिथं उभी होती साधारण तिथंच. धाप लागली होती. सगळं गाव वर मान करून त्यांच्याकडं बघत होतं. पेंढी आपटणारासुद्धा थांबून दारात आला होता. तात्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले आणि ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा तो आवाज गोड नव्हता, चिरका होता, मधेच फाटला. "यंत्रानं हादरं आलं नव्हतं, वैनी! तुमच्या हलरानं कायबी झालं नव्हतं!"

आईनं कानामागचा हात काढला. डोक्यावरचा पदर सारखा केला, देवीला हात जोडले, आणि मला म्हणाली, "चल."

बाहेर आलो. ऊन कललं होतं, बांधावरचं गवत वाळून पिवळं झालं होतं. मी तिचा हात धरून चालत होते. मला खूप बोलायचं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. म्हटलं, "आई, कानाचं आता बघितलं पाहिजे. भोरला चांगला डॉक्टर आहे. एवढ्या जवळ बसून बोलले ते, आणि तुला ऐकू आलं नाही."

"आलं की," आई म्हणाली. "पयल्यांदाच आलं."

मी थांबले. ती थांबली नाही, माझा हात सोडून सावकाश पुढं चालत राहिली.

"अगं मग?"

"त्या दिशी समद्यांनी माझं तोंड बघितलं हुतं," ती मागं न बघता म्हणाली. "म्हणलं, आज त्येचं बी बघू द्यावं. जरा येळ."